सात रत्नं आणि मागे राहिलेलं एक नाव

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावं धारण करणारे विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात. त्यांना तिथे फ्रॅटर्निटी म्हणतात. राहणं-जेवण एकत्र, मैत्री जन्मभराची. पण आत कोणाला घ्यायचं, हे सभासद ठरवणार. विसाव्या शतकाच्या आरंभी याचा अर्थ उघड होता : काळ्यांना प्रवेश नाही.

न्यू यॉर्क राज्यातल्या इथाका गावी १८६५मध्ये कॉर्नेल विद्यापीठ स्थापन झालं. कोणालाही कोणताही विषय शिकता यावा, ही संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांची भूमिका. दार उघडं होतं, पण आत टिकणं कठीण होतं. १९०४-०५ साली शिकणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांपैकी सहा जण पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. उरलेले गावातल्या काळ्या कुटुंबांच्या आधारानं राहत. काही जण गोऱ्यांच्या बंधुसंघांच्या घरांत कामं करून शिकत.

गळती थांबवायची म्हणून ते एकत्र जमू लागले. पुढाकार सी. सी. पॉइंडेक्स्टर या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा. वाचन, चर्चा, एकमेकांचा अभ्यास घेणं असं त्याचं स्वरूप होतं. मग वाद निघाला : हे साहित्य मंडळच राहू द्यायचं, की बंधुसंघ करायचा? पॉइंडेक्स्टर मंडळाच्या बाजूचे होते. ४ डिसेंबर १९०६ रोजी बंधुसंघाचा निर्णय झाला आणि 'अल्फा फाय अल्फा' जन्माला आला. कॅलिस, चॅपमन, जोन्स, केली, मरे, ओगल आणि टँडी हे सात संस्थापक. संघ त्यांना 'सात रत्नं' म्हणतो. त्यांत पॉइंडेक्स्टर नाहीत.

ज्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं, त्यांचाच साचा आपण का उचलावा? मला हा प्रश्न आजही रास्त वाटतो. त्याचं उत्तर पुढच्या कामानं दिलं. १९०७च्या डिसेंबरात हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली. टँडी नामवंत वास्तुविशारद झाले, जोन्स यांनी नॅशनल अर्बन लीगची धुरा वाहिली. संघानं काळ्या मुलांना शाळा-कॉलेजात पाठवण्याची मोहीम चालवली. १९३५-३६मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचं दार काळ्या विद्यार्थ्याला उघडून देणारे वकील चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल हे याच संघाचे. साचा जुनाच होता, पण त्यातून बाहेर पडलं ते वेगळं.

विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हेही याच संघाचे बंधू. १९४६मध्ये त्यांना मुंबईहून एक पत्र गेलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यात मागितल्या होत्या. लिहिणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्यांच्या पत्रव्यवहाराबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं जातं. त्यामागे इथाकातल्या त्या अभ्यासाच्या बैठकाही होत्या, आणि त्या सुरू करणारा पॉइंडेक्स्टरही होता, एवढं ध्यानात राहावं.