रक्ताचे नाते आणि परळच्या प्रयोगशाळा

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत देवघरातील टाकांइतक्याच जपणुकीने ठेवलेली वस्तू म्हणजे कुलवृत्तांत. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर वसले. त्या छावणीच्या मागोमाग आलेल्या घराण्यांचे मूळगाव सुटले, तरी वंशवेल त्यांनी सुटू दिली नाही. सोयरिकी इंदूर, बडोदे, पुणे, कोकण अशा जुळत राहिल्या. वाड्यांतून हरिशंकरपुरमसारख्या नव्या वसाहतींत राहावयास गेलेल्या कुटुंबांनीही ही पोथी बरोबर नेली. या साऱ्या जपणुकीच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती रक्ताच्या नात्याची. विसाव्या शतकात या कल्पनेला प्रयोगशाळेत मोजता येईल असा अर्थ आला. त्या इतिहासाची आपल्या देशातील महत्त्वाची पाने मुंबईत, परळच्या परिसरात लिहिली गेली. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि त्यावरील मूलपेशी-रोपण यांचा आमच्या कुलवृत्तांताशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. तो संबंध दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

माणसामाणसांचे रक्त वेगळे असते, हे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. ए, बी, ओ हे गट आज शाळकरी मुलासही ठाऊक आहेत. या हिशेबात न बसणारे रक्त मात्र मुंबईत सापडले. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधील संशोधकांच्या साह्याने १९५२ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात त्याची नोंद केली. हे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ गटाचे भासे; पण त्या माणसास ओ गटाचे रक्तही चालत नसे. पुढे तो गट जगभर ‘बॉम्बे ग्रूप’ या नावाने ओळखला जाऊ लागला. भारतात तो सुमारे दहा हजारांत एखाद्याचा असतो. आईबाप दोघांकडून एक विशिष्ट जनुक आले तरच तो प्रकटतो. म्हणून अशा माणसास रक्त हवे असल्यास प्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात. ‘सख्खे’ या शब्दाला वैद्यकाने दिलेला हा पहिला नेमका अर्थ म्हणावा लागेल.

त्याच काळात डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) परळच्या टाटा रुग्णालयात रोगनिदानशास्त्राचे काम पाहत होते. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले होते. मुंबईतील, आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजांच्या आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास डॉ. सांघवी व खानोलकर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांतच सोयरिकी झाल्याने रक्ताची जडणघडणही वेगवेगळी होत जाते, हे त्यात आकड्यांनी दिसले. आमच्या घरांतील विवाहपद्धतीचा हा जणू दुसरा कुलवृत्तांतच होय.

खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांचे नाव येथे आदराने घ्यावयास हवे. पूर्वाश्रमीच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शिक्षण हुजूरपागेत व फर्ग्युसनमध्ये. १९४९ साली डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याची कला तेथे शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा व अन्ननलिकेचा कर्करोग आणि ल्युकेमिया हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. त्यासाठी विशिष्ट वंशाच्या उंदरांवर त्यांनी प्रयोग केले. भाऊबहिणींचा संकर वीस पिढ्या चालू ठेवला म्हणजे उंदरांचा असा वंश तयार होतो, की त्यातील एकाची त्वचा दुसऱ्यास लावली तर ती निमूट स्वीकारली जाते. परक्या वंशाची त्वचा मात्र गळून पडते. अशाच उंदरांवरून अमेरिकेच्या जॉर्ज स्नेल यांनी स्वीकार-नकार ठरविणारी जनुके शोधली. १९८२ साली रणदिवेबाईंना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

आता मूळ विषयाकडे वळू. रक्तातील सर्व पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत, थोड्याशा मूलपेशींपासून जन्म घेतात. ल्युकेमियात या मज्जेतच बिघाड होतो आणि अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींचा पूर लोटतो. औषधांनी व किरणांनी रोगी मज्जा नष्ट करून निरोगी माणसाची मज्जा शिरेतून द्यावी, ही कल्पना दिसते तितकी सोपी नव्हती. अमेरिकेचे डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगले नाही. अडचण दुहेरी होती. रुग्णाचे शरीर परकी मज्जा नाकारीच. शिवाय रुजलेली मज्जाही आपल्या नव्या घरालाच परके समजून त्यावर हल्ला चढवी.

याचे उत्तर पॅरिसच्या जाँ दोसे यांच्या कामात होते. पांढऱ्या पेशींवरील ओळखखुणांपैकी पहिली त्यांनी १९५८ साली शोधली. त्यांनाच आज आपण एचएलए म्हणतो. या खुणांचा एक संच आईकडून व एक वडिलांकडून येतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांत दोन्ही संच जुळण्याचा संभव चारांत एक असतो. अशी जुळणारी भावंडे निवडून थॉमस यांनी पुन्हा काम आरंभिले. १९७७ साली त्यांनी अखेरच्या अवस्थेतील शंभर रुग्णांचा वृत्तांत दिला. तेरा रुग्ण जिवंत होते. आज तेरा हा आकडा थोडका वाटेल. तेव्हा तो शून्याच्या शेजारी उभा होता.

थॉमस यांच्या सिएटलच्या केंद्रात शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-रोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती. मज्जा तिच्या भावाची होती. अडवाणींचे घराणे सिंधमधून आलेले. आठव्या वर्षी पोलिओने पाय गेले, चाकांच्या खुर्चीमुळे वैद्यकीय महाविद्यालयाने प्रथम प्रवेशही नाकारला. अशा निर्वासित मुलाने मुंबईत हे काम उभे केले, हे परमुलखात रुजलेल्या आम्हां मंडळींस विशेष जवळचे वाटते.

या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट मात्र १९७९ साली पुढे आली. मज्जा जितकी ‘आपली’ तितकी चांगली, असे कोणासही वाटेल. मग एकसारख्या जुळ्या भावाची मज्जा सर्वोत्तम ठरावयास हवी होती. ती निमूटपणे रुजते खरी, पण जुळ्याची मज्जा मिळालेल्या रुग्णांत ल्युकेमिया अधिक प्रमाणात उलटे. ज्यांच्यात नव्या मज्जेने थोडीफार कुरबुर केली, त्यांच्यात तो कमी उलटे. रोगी पेशींना शत्रू म्हणून ओळखावयास किंचित परकी दृष्टी लागते; जुळ्याच्या पेशींना त्या घरच्याच वाटतात. म्हणजे रुजण्यापुरते आपलेपण आणि राखण करण्यापुरते परकेपण, अशी दोन्हींची गरज. आमच्या गावच्या गायकीचा इतिहासही असाच आहे. हस्सूखाँच्या घरची विद्या वासुदेवबुवा जोशांसारख्या रक्ताबाहेरच्या शिष्याने घेतली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, आणि म्हणूनच घराणे वाढले.

आता हिशेब आमच्या घरांचा. रुग्णाला पाच भावंडे असतील, तर एखादे तरी पूर्ण जुळण्याचा संभव सुमारे ७६ टक्के. एकच असेल तर २५ टक्के. आमच्या आजोबांच्या पिढीत पाचसहा भावंडे सर्रास असत. आमच्या नातवंडांच्या पिढीत एखादे, किंवा तेही नाही. कुलवृत्तांताचे पान जसे अरुंद होत गेले, तसा हा आधारही आटला.

त्यावर दोन वाटा निघाल्या. पहिली, अर्ध्या जुळणीच्या रोपणाची. मज्जा दिल्यानंतर ठरावीक दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दिले, तर हल्ला करणाऱ्या पेशी आवरल्या जातात. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी सिएटलच्या सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष २००८ साली मांडले. यामुळे आई, वडील, अपत्ये यांनाही दाता होता येऊ लागले. दुसरी वाट स्वेच्छा-दात्यांच्या नोंदीची. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन खुणांची नोंद होते. जुळणी झालीच, तर काही दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून मूलपेशी वेगळ्या करतात. काही आठवड्यांत शरीर त्यांची भरपाई करते. समान पूर्वज असलेल्या समाजात जुळणी सापडण्याची आशा अधिक असते. पण जागतिक नोंदींत भारतीय दाते लोकसंख्येच्या मानाने फारच थोडे आहेत.

शास्त्र येथेच थांबलेले नाही. मुंबई आयआयटीचे प्रतिरक्षाशास्त्रज्ञ डॉ. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयातील डॉक्टर यांच्या प्रयत्नांतून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास देशात मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना विशिष्ट रोगी पेशी ओळखावयास शिकवितात व परत सोडतात. आपल्याच पेशींना परकी दृष्टी देण्याचाच हा प्रकार होय. परंतु तो सर्व प्रकारच्या ल्युकेमियावर चालत नाही, आणि रोपणाची गरज संपलेली नाही.

ग्वाल्हेरात १८९९ पासून जयारोग्य रुग्णालय आहे, १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही अशा मोठ्या उपचारांसाठी येथील माणसे आजवर पंजाब मेलने मुंबई गाठीत आली आहेत. तेथे पोचल्यावर डॉक्टर विचारतात, भावंडे किती? या प्रश्नाचे उत्तर कुलवृत्तांतात मिळते. पण ते उत्तर ‘एकही नाही’ असे असेल, तर पुढचा दाता कोणा अनोळखी तरुणाच्या नोंदीतूनच यावयाचा. तो कदाचित रत्नागिरीचा असेल, कदाचित याच गल्लीतला. आमच्या घरांतील अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींनी वंशावळीत आपले नाव पाहावे, आणि त्याबरोबर या दुसऱ्या वहीतही ते घालावे, असे आम्हांस वाटते.