सनदेनंतरची तीन वर्षं

गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की नर्सिंग, शिक्षिका, पोलीस भरती ही नावं येतातच. आता त्यात वकिलीचीही भर पडली आहे. मग लगेच दोन प्रश्न येतात. पुण्यात राहून वकील व्हायला खर्च किती? आणि झाल्यावर पोटापुरतं मिळेल का? आज आम्ही या प्रश्नांचा इतिहास सांगणार आहोत. प्रश्न नवे नाहीत. पुण्यात ते शंभराहून जास्त वर्षं विचारले जात आहेत.

आधी एक शब्द समजून घेऊ. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. नुसती पदवी घेऊन कोर्टात उभं राहता येत नाही, त्याला सनद लागते. इंग्रजांच्या काळात जिल्हा कोर्टातल्या वकिलीसाठी वेगळ्या परीक्षा असत. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्या परीक्षांच्या तयारीचे वर्ग चालवले. ते स्वतः १८७९ साली कायद्याची परीक्षा पास झाले होते. १८९० साली त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा घर चालवायला या वर्गाचा आधार होता. म्हणजे त्या काळातही वकिलीचं शिक्षण फुकट नव्हतं. ते पैसे देऊन घ्यावं लागत होतं.

पण हे सगळं पुरुषांसाठी. बाईला सनदच मिळत नव्हती. इथे कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट सांगायला हवी. जन्म १८६६ चा, नाशिकचा. त्यांच्या आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या होत्या. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८८७ साली पदवीच्या परीक्षेत इतक्या वर आल्या की विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. ती नाकारली, कारण त्या बाई होत्या. मग इंग्लंडमधल्या काही बायकांनी आणि त्यांच्या ओळखीच्यांनी पैसे गोळा केले. त्या पैशांवर १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या.

१८९२ साली त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. तशी परीक्षा देणारी ती पहिली बाई. तरी पदवी हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी. भारतात बायकांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा झाला १९२३ साली. त्यानंतर त्या कोलकात्याला वकिली करू लागल्या, तेव्हा वय साठीच्या जवळ आलं होतं. मधली वर्षं त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. १९०४ पासून त्यांनी बंगालमध्ये सरकारच्या नोकरीत पडद्यातल्या विधवांच्या आणि पोरक्या मुलांच्या मालमत्तेचं काम पाहिलं. पण शिक्षण पुरं होणं आणि वकील म्हणून उभं राहणं, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

याच सुमारास मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकिली सुरू करत होते. साल १९२३. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, पण सनदेसाठी भरायला पैसे नव्हते. ते दिले त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी. पुढेही वकिलीवर लगेच घर चाललं नाही. ते एका संस्थेत काही तास कायदा शिकवत. एवढ्या विद्वान माणसालाही सुरुवातीची वर्षं दुसऱ्या कमाईवर काढावी लागली.

पुण्यात इंडियन लॉ सोसायटीनं १९२४ साली लॉ कॉलेज सुरू केलं. त्याच्यावरूनच त्या भागाला आज लॉ कॉलेज रस्ता म्हणतात. पुढे शहरात आणखी कॉलेजं निघाली. आज बारावीनंतर पाच वर्षांत किंवा पदवीनंतर तीन वर्षांत वकील होता येतं. बाई म्हणून कोणी दार लावत नाही. मग अडतं कुठे?

मैत्रिणींनो, आम्हाला या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. कॉलेजची फी हा खर्चाचा अर्धाच भाग. खरा खर्च सनदेनंतर सुरू होतो, कारण तेव्हा खर्च चालू असतो आणि कमाई नसते. कॉर्नेलियाबाईंना इंग्लंडच्या बायकांनी हात दिला, बाबासाहेबांना मित्रानं. ज्याला असा हात मिळाला नाही, त्याचं नाव इतिहासात आलंच नाही.

आता आजचा हिशोब मांडू. कॉलेजची फी, खोलीचं भाडं, खानावळ, पुस्तकं हे आपल्याला माहीत असतं. त्यापुढे सनद. कायद्यानं सनदेची फी ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. पण राज्याराज्यांतल्या बार कौन्सिल १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत रक्कम घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. ही गोष्ट प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावी, आणि पैसे भरले की पावती घ्यावी. त्याशिवाय अखिल भारतीय बार परीक्षा असते, तिची फी वेगळी. काळा कोट, पांढरा बँड, गाऊन हेही आलं.

मग मुलगी शिवाजीनगर कोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून जाते. काहींना महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, काहींना जाण्यायेण्याचा खर्च, काहींना तोही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलनं शिफारस केली की ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. घरात आधीच वकिलाची खुर्ची असेल, तर मुलगा ही वर्षं आरामात काढतो. आपल्या मुलीला मात्र कोणी विचारतं, "शिकलीस एवढी, मग पैसे कुठे आहेत?" आणि स्थळं बघायला सुरुवात होते.

न्यायाधीश व्हायचं म्हटलं तरी थांबावं लागतं. २० मे २०२५ च्या निकालानं पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिली केलेली असणं पुन्हा आवश्यक झालं. शिक्षणाचं कर्ज काढलं असेल, तर बँकेचा हप्ता साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. म्हणजे कमाई बसायच्या आधीच हप्ता दारात.

हे ऐकून मुलींना परत बोलावू नका. वाटा आहेत. कंपन्या आणि बँका पगारावर कायद्याचं काम देतात. सरकारच्या विधी सेवा प्राधिकरणातही गरीब आरोपींच्या बचावासाठी पगारी वकील नेमतात, त्यातली खालची जागा नव्या वकिलांसाठीच असते. कॉलेजच्या फीसाठीही आधार आहे. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा राज्य सरकारचा निर्णय २०२४ चा आहे. आपल्या कॉलेजला आणि आपल्या मुलीला तो लागू होतो का, हे प्रवेशाआधीच विचारा.

आणि यात आपलाही स्वार्थ आहे. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. १५१०० या नंबरवर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. पण तो वकील आपली भाषा, सातबारा, पोटगीचं दुखणं समजणारा असावा, असं वाटतं ना? तर तशा मुली कोर्टात टिकल्या पाहिजेत.

म्हणून गटातल्या कोणाची मुलगी कायद्याला जात असेल, तर पुढच्या बैठकीत वहीत दोन रकाने पाडा. एकात शिक्षणाचा खर्च लिहा. दुसऱ्यात सनदेनंतरच्या तीन वर्षांचा: खोली, जेवण, प्रवास, कर्जाचा हप्ता. दुसरा रकाना कोण आणि कसा भरणार, ते प्रवेशाच्या दिवशीच ठरवा. हळूहळू फेडायच्या कर्जातून गटही त्याला हातभार लावू शकतो.