खरेदीदार व वारस यांतील जमीनविवाद (धाराशिव जिल्हा)

विकलेल्या शेतजमिनीवर खरेदीदार आणि विक्रेत्याचा वारस या दोघांनी सांगितलेल्या हक्कांतून उद्‌भवणारा वाद. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील जुने महसुली कागद उर्दूत असून त्यांवर फसली सन आढळतो. फसली १३५० म्हणजे इ. स. १९४०–४१. हा हिशेब चुकल्यास विक्री आधीची की वारसाचा जन्म आधीचा, हा कळीचा प्रश्नच उलटा सुटतो.

मिताक्षरानुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होतो. कुटुंबाचा कर्ता ती केवळ कायदेशीर गरजेसाठी अथवा कुटुंबाच्या हितासाठी विकू शकतो व ती गरज शाबित करण्याचा भार खरेदीदारावर असतो. हनुमानप्रसाद पांडे प्रकरणी (१८५६) प्रिव्ही कौन्सिलने प्रामाणिकपणे चौकशी करणाऱ्यास संरक्षण दिले. पैसा पुढे कोठे खर्च झाला, हे पाहणे त्याचे काम नव्हे. तथापि दहा वर्षांनी त्या चौकशीचा साक्षीदार कोठून आणावयाचा? खरेदीखतातील ‘घरखर्चासाठी’ हा मोघम शब्द तेथे तोकडा पडतो. वारसाला मात्र सवड असते : १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे खरेदीदाराने कब्जा घेतल्यापासून बारा वर्षे. विक्रीच्या वेळी तो अज्ञान असल्यास, बारा वर्षे उलटली असली तरी, सज्ञान झाल्यावर तीन वर्षे मिळतात.

हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० च्या कलम ४७ ने शेतजमिनीच्या हस्तांतरणास पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. पूर्ण किंमत मोजूनही परवानगीअभावी खरेदीदाराचा हक्क डळमळीत राही. इनाम जमिनींचे प्रश्न वेगळे. त्यांस १९५४ चा इनाम निर्मूलन अधिनियम लागू झाला.

सातबाऱ्यावरील नाव म्हणजेच मालकी, हा समज गावोगाव दृढ आहे. वस्तुतः फेरफाराची नोंद महसुलाच्या वसुलीसाठी असते. ती खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण हे गृहीतक खंडनीय असते आणि मालकी दिवाणी न्यायालयच ठरविते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस सहदायाद मानल्यावर वारसांची संख्या वाढली. विनीता शर्मा प्रकरणी (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी पिता हयात असण्याची अट अमान्य केली. केंद्रीय दुरुस्तीमुळे २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्रीस मात्र बाध येत नाही.