जायफळाच्या बेटांवरील जमीन: बांदा द्वीपसमूहातील मालकीची चार शतके

इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात, सेराम बेटाच्या दक्षिणेस, खोल समुद्राने वेढलेला बांदा हा लहानशा बेटांचा समूह आहे. लोंथोर, नैरा, आय आणि रुन ही त्यातील प्रमुख बेटे असून रुनची लांबी जेमतेम तीन किलोमीटर आणि रुंदी एक किलोमीटरहूनही कमी आहे. अठरावे शतक संपेपर्यंत जगाला जायफळ आणि त्याच्या बीवरील तांबडी जाळीदार साल, म्हणजेच जायपत्री, मुख्यतः एवढ्याशा भूमीतून मिळत असे. त्या काळी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बाजारपेठांत येणाऱ्या जायफळाचे मूळही इथेच होते. बांदाचा इतिहास बहुधा मसाल्याच्या व्यापाराचा आणि युरोपीय सत्तांच्या स्पर्धेचा म्हणून लिहिला गेला आहे. खेड्याच्या बाजूने पाहू लागले की तो जमिनीच्या हक्काचा इतिहास ठरतो, आणि त्यात झाड राखणारा माणूस व जमिनीचा कागद बाळगणारा माणूस क्वचितच एक राहिलेला दिसतो.

सोळाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे 1512 साली पोर्तुगीज जहाजे प्रथम इथे पोहोचली तेव्हा, बांदावर राजा नव्हता. गावोगावचे ‘ओरांग काया’, म्हणजे व्यापारात वजन असलेले प्रतिष्ठित कुटुंबप्रमुख, आपापसांत विचारविनिमय करून निर्णय घेत आणि जावा व मलायाकडील व्यापाऱ्यांशी सौदे करीत. बेटांवर भात पिकत नसल्याने तांदूळ आणि साबुदाणा बाहेरून येई, आणि त्यांच्याबरोबर गुजरात व कोरोमांडेल किनाऱ्यावरचे कापडही येई. जायफळाचे झाड लावल्यापासून सात-आठ वर्षांनी फळाला येते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात व फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. शिवाय कडक ऊन आणि वारा त्यांना सोसत नसल्याने उंच केनारी वृक्षांची सावली आधी उभी असावी लागते. अशी बाग लावणाऱ्याला पुढची पिढीही याच मातीवर नांदेल असा भरवसा असावा लागतो, त्यामुळे इथे जमिनीचा प्रश्न शेतीच्या प्रश्नापासून कधीच वेगळा काढता येत नाही.

हा भरवसा 1621 साली मोडला. डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना 1602 साली झाली, आणि साऱ्या मालाची एकहाती खरेदी आपल्यालाच मिळावी असे करार ती ओरांग कायांकडून करून घेऊ लागली. कमी भाव आणि अन्नाचा अपुरा पुरवठा यांमुळे ते करार पाळणे बांदावासीयांना परवडणारे नव्हते. 1609 मध्ये डच नौदलप्रमुख फेरहूफन नैरावर मारला गेला, तर 1616 मध्ये आय आणि रुन येथील प्रमुखांनी संरक्षणाच्या आशेने आपली बेटे इंग्लंडच्या राजाकडे सोपवली आणि त्याची खूण म्हणून मातीसकट जायफळाचे रोप दिले. रुनवरच्या मूठभर इंग्रजांचा नायक नथॅनिएल कोर्टहोप 1620 मध्ये मारला गेला आणि पुढच्याच वर्षी डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून मोठे आरमार घेऊन उतरला. चव्वेचाळीस ओरांग कायांचा शिरच्छेद झाला, शेकडो माणसे जावावरील बटाव्हियाला नेली गेली, हजारो जण उपासमारीने व लढाईत मेले. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतून हजारभरच लोक बेटांवर उरले, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. जे समुद्रमार्गे काई बेटांकडे निसटले त्यांच्या वंशजांच्या बांदा एली व बांदा एलात या गावांत जुनी बांदा भाषा आजही बोलली जाते. मूळ बेटांवर मात्र ती ऐकू येत नाही.

ओस पडलेल्या बागा कंपनीने अडुसष्ट भागांत वाटल्या. या भागाला ‘पर्क’ आणि तो सांभाळणाऱ्याला ‘पर्केनिअर’ म्हणत. चौतीस पर्क लोंथोरवर, एकतीस आयवर आणि तीन नैरावर होते. पर्केनिअर हे बहुतेक कंपनीच्या चाकरीतून सुटलेले सैनिक आणि नोकर होते. जमीन त्यांना भोगवट्यासाठी मिळाली, गुलाम आणि तांदूळ कंपनीने पुरवले, आणि पिकाचा दाणा न् दाणा कंपनीलाच, तिने ठरवलेल्या दराने, विकण्याचे बंधन होते. कालांतराने पर्क वारशाने उतरू लागले, गहाण पडू लागले आणि त्यांवर कर्जाचे डोंगर चढले. मराठी वाचकाला मिरासदार आणि उपरी हा भेद परिचित आहे. बांदावर मिरासदार नाहीसे करून उपऱ्यांनाच मिरास देण्यात आली, असे म्हणता येईल. तरीही झाडांची विद्या नव्या मालकांकडे नव्हती, म्हणून उरल्यासुरल्या बांदावासीयांच्या हातांवर आणि अनुभवावरच बागा तरल्या. ज्यांच्याकडून जमीन हिरावली त्यांच्याच ज्ञानावर ती पिकवावी लागली, ही बाब या साऱ्या व्यवस्थेचा न्याय जोखताना विसरता येणार नाही.

रुनची झाडे डचांनी इंग्रजांच्या हाती पडू नयेत म्हणून तोडून टाकली. 1667 च्या ब्रेडा तहात इंग्लंडने या उजाड बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनसह न्यू नेदरलँडवरचा. या अदलाबदलीचे कौतुक पुस्तकांतून वारंवार होते, पण तहाच्या मेजावर रुनचा एकही रहिवासी नव्हता, याचा उल्लेख फारसा होत नाही.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांनी बेटे ताब्यात घेऊन जायफळाची रोपे पेनांग आणि इतर वसाहतींत नेली, त्यामुळे बांदाचे एकाधिकारी स्थान कायमचे गेले. 1860 मध्ये पूर्वेकडील डच वसाहतींतील गुलामगिरी संपली आणि बागांना करारबद्ध मजूर आणावे लागले. या सर्व थरांतून, म्हणजे मुक्त गुलाम, मजूर, खलाशी आणि व्यापारी यांतून, आजचा बांदा समाज घडला. गावोगावची ‘आदात’, म्हणजे परंपरेने चालत आलेला कायदा व विधी, त्यांनीच उभी केली. गावाचे ‘आदात घर’ आणि ‘कोरा-कोरा’ या लांब युद्धनौकांच्या शर्यती हे सारे त्या नव्या समाजाने आपलेसे केले. मालुकूमध्ये अन्यत्रही चालणारी ‘सासी’, म्हणजे ठरावीक काळ फळे तोडण्यास वा मासे धरण्यास सामूहिक बंदी, ही याच आदातीची शाखा आहे. वंशाने परके असलेल्या लोकांनी भूमीशी नाते जोडण्याचा हा मार्ग मोलाचा आहे, आणि त्याला मूळपणाचा पुरावा मागणे अन्यायाचे ठरेल.

कायद्याने मात्र असा पुरावा मागितलाच. जिच्या मालकीचा पुरावा नाही ती जमीन सरकारची, हे 1870 पासून डच वसाहती कायद्याचे तत्त्व होते. स्वतंत्र इंडोनेशियाने 1960 च्या मूलभूत कृषी कायद्याने ते रद्द केले आणि ‘हाक उलायात’, म्हणजे समुदायाचा पारंपरिक भूमिहक्क, राष्ट्रहिताला बाध येत नसेल तेथवर मान्य केला. त्याच कायद्याने ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, ‘हाक गुना उसाहा’, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी बागायतीचा हक्क, आणि ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, असे प्रकार ठरवले. पर्कच्या जमिनींच्या बाबतीत समुदायाचा पूर्वापार हक्क कुणाचा मानावा, असा पेच उभा राहतो, कारण पूर्वापार समुदायाचाच संहार झाला होता आणि आजचे गावकरी त्या बागा राखणाऱ्यांचे वंशज आहेत.

आज रुन किंवा आय येथील कुटुंबाची मिळकत जायफळ, जायपत्री आणि मासेमारी यांवर चालते. लांब काठीच्या टोकाला लहान टोपली लावून फळे उतरवली जातात, जायपत्री उन्हात वाळवली जाते, आणि भाव दूरच्या बाजारात ठरतो. रुनवर झरे नसल्याने पावसाचे पाणी साठवावे लागते, आणि खवळलेल्या ऋतूत नैराकडे जाणारी लहान होडी कित्येक दिवस निघत नाही. प्रवाळ आणि इतिहास यांसाठी पर्यटक येऊ लागल्यापासून किनाऱ्यावरच्या जागेला पूर्वी नव्हते ते मोल आले आहे. परदेशी व्यक्तीला हाक मिलिक मिळत नाही. तिच्याकडे मालकी हस्तांतरित करणारा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरून जमीन सरकारजमा होते. स्थानिक माणसाचे नाव पुढे करून देशभर होणारे व्यवहार त्यामुळे दोन्ही बाजूंना धोक्याचे आहेत, पण त्याचा पहिला फटका नाव देणाऱ्या गावकऱ्याला बसतो. दरम्यान सरकारने 2017 पासून गावोगाव जमिनीची सरसकट नोंदणी हाती घेतली आहे. नोंद वैयक्तिक नावावर होते, तर सासीसारखी बंदी साऱ्या गावाची असते, आणि झाडाचा राखणदार व जमिनीचा खातेदार वेगळे निघाले तर सासी कोणाच्या सांगण्यावरून पाळायची, हे आता प्रत्येक गावाला स्वतःच ठरवावे लागणार आहे.