मुंबई ते लंडन: विमानाने किती अंतर, किती तास?

ताई लंडनहून येणार होती. तिकिटावर होतं: 10 तारीख, निघणार 21:30, पोहोचणार 11:00 +1. मी त्या +1 कडे बघितलंच नाही. आईला घेऊन 10 तारखेलाच सिन्नरहून मुंबई गाठली. सकाळी 11 ला फोन केला, तर ताई लंडनमध्ये झोपलेली! आईचा चेहरा बघवत नव्हता. तुमचं असं होऊ नये म्हणून हा लेख.

अंतर: सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किमी. गुगल मॅप्समध्ये मुंबई विमानतळावर बोट दाबून धरा, 'अंतर मोजा' निवडा आणि नकाशा लंडनपर्यंत सरकवा. विमान मात्र खराब हवामान आणि बंद हवाई हद्द टाळून जातं, त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग लांबतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने हद्द बंद केल्यावर भारतीय विमानांना असाच वळसा पडला.

वेळ: थेट विमानाला साधारण 9 ते 10 तास. येताना सहसा कमी लागतात, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात.

घड्याळ: तिकिटावर त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते. भारत लंडनच्या हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास पुढे. म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे 21:30 म्हणजे आपले रात्रीचे 2. तिथून 11 पर्यंत झाले 9 तास. आणि +1 म्हणजे दुसरा दिवस, 11 तारीख!

गाडी सांगण्याआधी तारीख एकदा बघाच.