मेहरानगडातील महाडोल
* जोधपूरच्या मेहरानगड संग्रहालयातील महाडोल ही पालखी मूळ लेखकाने परक्या शत्रूकडून मिळवलेली लूट मानली आहे. ते अर्धेच खरे. सोन्याचा मुलामा दिलेले लाकूड आणि त्यात काचेच्या खिडक्या, अशी ही बंदिस्त पालखी महाराजा अभयसिंहांनी १७३० मध्ये गुजरातेतून आणली. पण ज्याच्याकडून आणली तो सरबुलंदखान मोगल बादशहाचाच सुभेदार, आणि अभयसिंह त्याच्या जागी त्याच बादशहाने नेमलेले. अहमदाबादेजवळ लढाई झाली, मग ही लूट कशी नव्हे, असे कोणी विचारील. लढाई झाली हे खरेच. खान सुभा सुखासुखी सोडणारा नव्हता. (बादशाही हुकूम हाती असूनही लढावे लागते, यातच दिल्लीची पत कळते.) तरी तंटा दोन राज्यांचा नव्हे, एकाच दरबारातल्या बदलीचा. त्या बदलीचे कारण तर मराठी वाचकाच्या घरचेच: खानाने चिमाजी आप्पांना गुजरातची चौथाई व सरदेशमुखी कबूल केली, ती बादशहा मुहम्मदशहाला मानवली नाही. मराठ्यांना थोपवण्याची ही जबाबदारी अभयसिंहांनी कशी पार पाडली, हे १७३२ मध्ये डाकोरला दिसले. तिथे त्यांनी पिलाजी गायकवाडांचा दग्याने खून करवला.