ढगात शिरल्यावर विश्वास कोणावर ठेवायचा?

पावसाळ्यात घाटात दाट धुके उतरले की एस.टी.चा ड्रायव्हर गाडीचा वेग कमी करतो, वेळ पडली तर गाडी बाजूला घेऊन थांबतो. विमानाला ही सोय नाही. त्यामुळे डोंगराळ मुलखावर हवा बिघडू लागली, की छोट्या विमानाच्या वैमानिकापुढे प्रश्न उभा राहतो: पुढे जायचे की मागे वळायचे? या प्रश्नाशी झगडताना माणसाला स्वतःच्या शरीराविषयीच एक अनपेक्षित गोष्ट कळली. तिची हकिगत आपण पाहू या.

१३ जून १९३०. दक्षिण अमेरिकेत तेव्हा हिवाळा होता. आंरी गियोमे हा फ्रेंच वैमानिक टपाल घेऊन चिलीतील सांतियागोहून अर्जेंटिनाकडे निघाला. वाटेत अँडीज पर्वत. तो त्याने नव्वदाहून अधिक वेळा ओलांडला होता. पण या खेपेस वादळाने गाठले. पर्वतावरून वाहणारा वारा पलीकडच्या उतारावर वेगाने खाली येतो. हा वेग विमानाच्या वर चढण्याच्या वेगाहून जास्त असला, तर इंजिन पूर्ण जोराने चालवूनही विमान खालीच जाते. गियोमेच्या एका इंजिनाच्या विमानाचे तेच झाले. ढगांतून खाली ढकलला गेल्यावर त्याला दियामांते सरोवर दिसले. सभोवती उंच शिखरे आणि ढग. दिसणारी खूण तेवढी एकच. इंधन संपेपर्यंत तो सरोवराभोवतीच घिरट्या घालत राहिला आणि मग बर्फात उतरला. विमान उलटले. त्यानंतर पाच दिवस बर्फातून चालत तो माणसांपर्यंत पोहोचला.

दिसणारी खूण एवढी मोलाची का? विमान कलले आहे की सरळ आहे, हे डोळे मिटूनही कळणार नाही का? पूर्वीच्या वैमानिकांना वाटे, की कळते. १९२६ साली विल्यम ऑकर या अमेरिकन लष्करी वैमानिकाची वैद्यकीय तपासणी चालू होती. डॉ. डेव्हिड मायर्स यांनी त्याला डोळे बंद करून फिरत्या खुर्चीत बसवले. खुर्ची कोणत्या दिशेने फिरते आहे, हे त्या अनुभवी वैमानिकाला सांगता येईना! नंतर तो वळण दाखवणारे उपकरण बसवलेली पेटी घेऊन आला. पेटीत पाहून दिलेली त्याची उत्तरे बरोबर ठरली.

याचे कारण आपल्या कानात आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळू लागले की नलिकांतील द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि वळण्याची जाणीव होते. वळणे एकाच गतीने चालू राहिले, तर थोड्या वेळात द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते. वळणे थांबले की द्रव पुढे सरकत राहतो. मग उलट दिशेने फिरत असल्याचा भास होतो. ढगातल्या वैमानिकाचे असेच होते. विमान हळूहळू कलते, ते त्याला जाणवत नाही. कललेल्या विमानाचे नाक खाली जाते, वेग वाढतो. विमान सरळ आहे असे समजून तो नाक वर ओढतो, त्याने वळण अधिकच आवळते.

यावर उपाय म्हणून उपकरणे आली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल याने झाकलेल्या बैठकीतून, केवळ उपकरणे पाहून विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. पण उपकरणे असणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना बाहेरचे दिसणार नाही अशी व्यवस्था केली. विसांच्या विसांचाही विमानावरचा ताबा सुटला. त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत! थोडे शिक्षण दिल्यावर मात्र उपकरणे पाहत विमान मागे वळवून बाहेर पडणे त्यांना जमू लागले.

आज छोट्या विमानांतही उत्तम उपकरणे असतात. पण कान तेच आहेत आणि पर्वतावरून खाली येणारा वाराही तोच आहे. म्हणून वैमानिकांना आजही शिकवले जाते, की ढगात शिरण्यापूर्वी, वाट दिसते आहे तोवरच मागे वळा.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. एखाद्या विद्यार्थ्याला डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसवा, चौघांना सभोवती उभे करा आणि खुर्ची सावकाश, एकाच गतीने फिरवा. कोणत्या बाजूला फिरतो आहोत, हे त्याने अंगठ्याने दाखवावे. थोड्या वेळाने तो ‘थांबलो’ म्हणेल. खुर्ची हलकेच थांबवा. अंगठा उलट्या दिशेला वळेल. बाकीची मुले हसतील. मग त्यांना आळीपाळीने खुर्चीत बसवा. आपली खात्री आणि सत्य यांत किती अंतर असू शकते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.